जुन्या व्हॅनला स्कायलाइट: कापण्याआधी, कापल्यावर आणि पहिल्या पावसाआधी

स्कायलाइट, म्हणजे छतातली उघडणारी खिडकी, बसवलेली जुनी व्हॅन पहिल्या पावसाळ्यात गळली की मालक सीलंटला बोल लावतो, वरून आणखी एक नळी रिकामी करतो, आणि पुढच्या जूनमध्ये गाडी परत गळते. चौकट उचकटून पाहिली की खरं कारण समोर येतं. कापलेल्या पत्र्याची कड गंजून फुगलेली असते आणि सीलंट पत्र्याला चिकटायचं सोडून गंजाच्या खपलीला चिकटलेलं असतं. खपली सुटली की सीलंटही सुटतं. मग ते कितीही महागाचं असो.

हे होतं कारण काम एका रविवारी उरकलं जातं. सकाळी भोक, दुपारी चौकट, संध्याकाळी फोटो. घाटावरच्या गाडीला हे एखादवेळी पचतं. रात्रंदिवस खारं वारं लागणाऱ्या मालवण, हर्णै, गुहागरकडच्या गाडीला पचत नाही. इथे कापणं आणि बसवणं यांच्यामध्ये निदान एक पूर्ण दिवस रंगाचा लागतो. खालचा सगळा क्रम त्या एका दिवसाभोवती लावला आहे.

मी धरून चाललोय की तुमच्याकडे लोखंडी पत्र्याच्या छताची जुनी व्हॅन आहे (ओम्नी, ईको, विंगर, ट्रॅव्हलर, काहीही) आणि तुम्ही बाहेरची चौकट, आतली चौकट आणि उघडणारं झाकण असा तयार स्कायलाइट विकत आणणार आहात. सगळ्यात जास्त मिळणारं माप म्हणजे 40 × 40 सेंटिमीटरचं भोक. लहान गाड्यांसाठी 28 × 28 सेंटिमीटरचाही येतो. छत फायबरचं असेल तर गंजाचा भाग सोडून द्या, पण कापलेली कड रेझिनने बंद करायला विसरू नका.

## आधी कागद

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पत्र्याला हात लावण्याआधी तुमच्या आरटीओत, म्हणजे एमएच-06, 07 किंवा 08, जिथली गाडी असेल तिथे जाऊन काय करणार आहात ते लेखी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. 15 वर्षं झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी नव्याने करायची असते, तेव्हा फिटनेस तपासणीत कोणीतरी छताकडे बघणारच आहे.

## टप्पा 1: महिना आणि जागा

मोसमी पाऊस कोकणात साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोचतो आणि ऑक्टोबरमध्ये परततो. त्याआधी मे महिन्यात वळीव येऊन जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चारेक महिन्यांतच कोसळतो. मिरगाच्या तोंडावर केलेल्या कामाला चुकायची सोय उरत नाही. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. मग मार्च-एप्रिल-मे या महिन्यांत छत तापतं, गार होतं, रस्त्यावर हादरतं, आणि काही बिघडायचंच असेल तर ते कोरड्यात बिघडतं.

मे महिन्याच्या विरोधात आणखी एक कारण आहे. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर ओतलेल्या सीलंटवर चौकट ठेवेपर्यंत साय धरते. चौकटीखाली लावायची ब्युटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी) हीदेखील लोण्यासारखी मऊ पडते आणि नीट दाबली जात नाही.

हिवाळ्याला आपली अडचण आहे: दंव. डिसेंबर-जानेवारीत पहाटे छत ओलंचिंब असतं. वरून पुसलं तरी पत्र्याच्या घडीत आणि नाल्यांत पाणी राहतं. त्यामुळे रंग आणि सीलंटची कामं सकाळी नऊ-साडेनऊनंतर सुरू करायची आणि दिवेलागणीच्या बऱ्याच आधी संपवायची. पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर सीलंट हवेतला ओलावा घेऊनच सुकतं, त्यामुळे दमट हवा त्याला चालते. पत्र्यावरचं पाणी मात्र चालत नाही.

जागेबद्दल तीन गोष्टी.

गाडी माडाखाली लावू नका. कारण सांगायला नको. काम झाल्यावरही लावू नका.

मोहोर आलेल्या आंब्याखाली तर मुळीच नाही. तुडतुड्यांचा चिकट स्राव पानांवरून खाली पडतो आणि छतावर पातळ, न दिसणारा थर बसतो. त्या थरावर ना प्रायमर धरत, ना टेप. आंब्याखाली उभी राहणारी गाडी असेल तर आदल्या दिवशी साबणाच्या कोमट पाण्याने छत दोनदा धुऊन घ्या.

गाडी शक्यतो चिऱ्याच्या गडग्याला लागून, सपाट जमिनीवर उभी करा. गडग्यावर उभं राहून छताचं अर्धं काम होतं. दुसऱ्या बाजूला घोडी नाहीतर मजबूत शिडी लावा. छतावर गुडघे टेकून बसायचं नाही. पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. त्याला पोचा आला की त्या खळग्यात कायम पाणी साचतं.

## टप्पा 2: सामान

कापायला जिगसॉ आणि लोखंडी पातळ पत्र्याची पाती, इंचाला 24 दातांची. दोन-तीन जादा ठेवा, मोडतात. ड्रिल, 3 आणि 10-12 मिलिमीटरचे बिट, पंच, अर्धगोल कानस, 120 आणि 240 नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, गुण्या, पाणसळ, चुंबक. हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल.

चिकटवायला आणि रंगाला:

- 2-3 मिलिमीटर जाड, 20-30 मिलिमीटर रुंद ब्युटाइल टेप, चौकटीच्या घेरापेक्षा अर्धा मीटर जास्त.
- बाहेरच्या कडेसाठी उन्हात टिकणारं एमएस पॉलिमर सीलंट, एक नळी.
- आतली लाकडी चौकट पत्र्याला चिकटवायला पॉलियुरेथेन अॅडहेसिव्ह, एक नळी.
- दोन घटकांचा इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर आणि वरून गाडीच्या रंगाचा पेंट.
- पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारी फडकी.
- आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लाय, चौकटीपुरता. आयएस 303 हा साध्या कामाचा प्लाय आहे, दुकानदार 'वॉटरप्रूफच आहे' म्हणाला तरी तो घेऊ नका.
- स्क्रू स्टेनलेसचे आणि शक्यतो 316 ग्रेडचे. 304 ला समुद्राकाठी तांबूस डाग पडतात.

यातलं बरंचसं गाडीच्या दुकानापेक्षा होड्यांचं सामान विकणाऱ्याकडे चांगलं मिळतं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळ फायबरच्या होड्यांची कामं करणाऱ्यांना आधी विचारा. खाऱ्या पाण्यात काय टिकतं ते त्यांना पाठ असतं.

> हे आणू नका. खिडकीच्या काचेला लावतात ते आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन. ते सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि उघडा पत्रा गंजवतं. शिवाय एकदा ते लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरतो ना दुसरं सीलंट. दगडासारखी कडक होणारी इपॉक्सी पुटीही नको. हलणाऱ्या छतावर तिला भेग पडणारच. आणि डांबर घराच्या गच्चीला ठीक आहे, गाडीला नाही.

## टप्पा 3: जागा आतून ठरवा, बाहेरून नाही

पहिली मोठी चूक इथे होते. माणूस छताच्या वर मध्यभागी खूण करतो आणि खाली नेमका आडवा दांडा निघतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. छताचं कापड किंवा लायनिंग सोडवा. आता आतून आडवे दांडे, दिव्याची वायर, एसी असेल तर त्याचा डक्ट आणि आवाज कमी करायला चिकटवलेल्या डांबरी पट्ट्या, सगळं दिसेल. भोक दोन दांड्यांच्या मधेच बसलं पाहिजे आणि आतल्या चौकटीसाठी दोन्ही बाजूंना निदान अडीच-तीन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. दांडा कापायचा नाही. गाडी उलटली तर छत चेपू न देण्यात त्याचा वाटा असतो. 40 सेंटिमीटर बसत नसेल तर 28 चा घ्या. 'दांडा कापून बाजूने पट्टी मारू' असं म्हणणारा गॅरेजवाला भेटेल. त्याला चहा पाजा आणि निघा.

बिजागरीची बाजू गाडीच्या तोंडाकडे ठेवा. झाकण चुकून उघडं राहिलं तर समोरचं वारं ते दाबून बंद करतं. उलटं बसवलं तर हायवेवर पोचेपर्यंत झाकण मागच्या गाडीच्या काचेवर.

वर कॅरिअर असेल तर झाकण पूर्ण उघडल्यावर ते दांडीला अडत नाही ना, हे पुठ्ठा धरून पाहा.

शेवटी पाणी कुठे साचतं ते बघा. गाडी नेहमी उभी राहते तिथे उभी करून छतावर बादलीभर पाणी ओता. पाच मिनिटांनी जिथे डबकं राहिलं असेल तिथे स्कायलाइट नको. हे पाहायला पाणसळीपेक्षा बादली बरी.

> तपासा. ठरवलेल्या जागी पॉलिश पेपर घासून पहा. रंगाखाली पत्रा चकचकीत निघाला तर ठीक. तपकिरी ठिपके निघाले तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचा. टोक आत गेलं तर छताचं काम आधी डेंटिंगवाल्याकडे करून घ्या, स्कायलाइट पुढच्या वर्षी.

## टप्पा 4: आखणी

स्कायलाइटसोबत आलेल्या कागदावरचं भोकाचं माप अंतिम. चौकट छतावर उलटी ठेवून पेन्सिल फिरवू नका. बाहेरची कड भोकापेक्षा मोठी असते, आणि मोठं भोक परत लहान करता येत नाही. पुठ्ठ्याचा साचा कापा, तो चौकटीत घालून सैल बसतो का पाहा, मग छतावर ठेवा.

आतून ठरवलेल्या चार कोपऱ्यांवर 3 मिलिमीटरची चार भोकं खालून वर पाडा. त्यामुळे आतली जागा आणि बाहेरची आखणी एकच होते. वर जाऊन भोकं रेषांनी जोडा, गुण्या लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. 40 × 40 ला दोन्ही 566 मिलिमीटर आले पाहिजेत. दोन कर्णांत 3 मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर पुसा आणि परत आखा. छताला बाक असतो, डोळ्याला सरळ वाटलेली रेषा तिरकी निघते.

रेषेच्या बाहेरच्या बाजूने मास्किंग टेपचे दोन थर, निदान दहा सेंटिमीटर रुंद. जिगसॉचा तळ रंगावर घासत जातो, त्यासाठी.

## टप्पा 5: कापणं

लोकांना भीती या टप्प्याची वाटते. खरं तर हा अर्ध्या तासाचा आणि त्यातल्या त्यात सोपा टप्पा आहे.

सीटवर जुन्या चादरी पसरा. चारही कोपऱ्यांत, रेषेच्या आतून, 10-12 मिलिमीटरची भोकं पाडा. कोपरा गोल राहिला पाहिजे. टोकदार कोपऱ्यातून पत्र्याला चीर जाते आणि आंबा घाटातल्या वळणांवर ती वाढत राहते.

जिगसॉ कमी वेगाने, दाब न देता चालवा. पत्रा थरथरायला लागला तर पातं मोडतं, म्हणून आत बसलेल्या माणसाने रेषेपासून चार बोटं दूर लाकडी पट्टी खालून टेकवून धरावी. दोन बाजू कापून झाल्या की कापलेल्या फटीवर वरून रुंद टेप मारा. नाहीतर शेवटच्या बाजूला तुकडा आपल्याच वजनाने लोंबकळतो, कड वाकते, आणि खालच्याच्या डोक्यालाही लागतो.

ग्राइंडर वापरू नका. काम लवकर होतं हे खरं, पण तापलेल्या ठिणग्या छताच्या रंगात आणि पुढच्या काचेत रुततात. काचेतले ते ठिपके आयुष्यभर निघत नाहीत, आणि ग्राइंडरने जळलेल्या कडेचा रंगही दोन बोटं आतपर्यंत सैल होतो.

> लगेच करा. लोखंडाचा चुरा छतावर, पागोळीच्या पन्हळीत, काचेच्या रबरात, सगळीकडे पडलेला असतो. रात्री दंव पडलं की सकाळी प्रत्येक कणाखाली गंजाचा ठिपका तयार. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, पिशवी उलटी करून चुरा टाका, परत फिरवा. मग गोड्या पाण्याने छत धुवा. झाडूने झटकू नका, चुरा रंगात घासला जातो.

## टप्पा 6: कड

यासाठी पूर्ण एक दिवस द्या. शक्य असेल तर दीड.

कानशीने कडेची धार आणि खालचे काटे काढा. कानस एकाच दिशेने, बाहेरून आत. बोट फिरवल्यावर कुठेही खुपलं नाही पाहिजे. धारदार कडेवर रंग टिकत नाही. तो सुकताना धारेपासून मागे सरकतो आणि नेमकी धारच उघडी राहते. हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे बहुतेक जण एक हात मारून मोकळे होतात. कड किंचित गोल करा.

त्यानंतर कडेपासून बाहेर तीन सेंटिमीटर आणि आतल्या बाजूलाही तेवढीच पट्टी 120 च्या पॉलिश पेपरने खरवडा. आतली बाजू विसरू नका. किनाऱ्यावरच्या गाडीत गंज खालून सुरू होतो, कारण पत्र्याच्या आतल्या बाजूला रात्री हवेतलं पाणी धरतं आणि लायनिंगमुळे ते लवकर वाळत नाही. कुठे जुना गंज दिसला तर फॉस्फोरिक आम्लाचा गंजरोधक लावून, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबून पुसून घ्या.

आता गोडं पाणी. मग कोरडं फडकं. मग अल्कोहोल लावलेलं फडकं, आणि ते ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसणं. एकच फडकं फिरवत राहिलात तर मळ आणि मीठ जागच्या जागी पसरतं. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरवर उभ्या गाडीच्या छतावर एका रात्रीत परत मीठ बसतं, म्हणून काल पुसलेलं आज पुसलेलं समजायचं नाही. रंगाच्या आधी पुसा, टेप लावण्याच्या आधी परत पुसा.

इपॉक्सी प्रायमरचे दोन हात ब्रशने लावा. फवाऱ्याने कडेच्या जाडीवर रंग बसत नाही, ब्रशने तो ठासून भरता येतो. पहिला हात कडेवर, दुसरा कडेवर आणि दोन्ही बाजूंच्या पट्टीवर. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो पाळा. वरून गाडीच्या रंगाचा एक हात. हार्डवेअरच्या दुकानात साधा रेड ऑक्साइड पुढे करतील. गेटला, ग्रिलला तो ठीक. इथे तो एकटा पुरणार नाही.

रात्री भोक बंद ठेवायचं आहे. निळी ताडपत्री वरून बांधून ठेवली की खाली दंवाचं पाणी धरतं आणि ताज्या रंगाला प्लास्टिक चिकटतं. त्यापेक्षा भोकावर टोपलं उलटं घालतात तसं एखादं मोठं घमेलं पालथं घाला, खाली चार कोपऱ्यांत लाकडाचे तुकडे ठेवून. वारा खेळतो, दंव आत येत नाही, मांजरही येत नाही. गाडी पडवीत शिरत असेल तर प्रश्नच मिटला.

> तपासा. दुसऱ्या दिवशी दहानंतर रंगाला नख लावा. खूण उठली तर अजून थांबा. कच्च्या रंगावर लावलेलं सीलंट रंगासकट उचलून येतं.

## टप्पा 7: आतली लाकडी चौकट

स्कायलाइटच्या दोन चौकटी एकमेकींना स्क्रूने ओढतात आणि मधे छत पकडतात. बऱ्याच स्कायलाइटना मधली जाडी 25 मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त लागते. तुमच्याकडे आहे मिलिमीटरभर पत्रा. मधे भर घातली नाही तर स्क्रू आवळताच पत्रा लाटेसारखा वाकतो आणि दोन स्क्रूंच्या मधे फट पडते. गळक्या गाड्यांत गंजाखालोखाल हेच दिसतं.

मरीन प्लायच्या चार पट्ट्या, 3-4 सेंटिमीटर रुंद, कागदावर दिलेल्या जाडीच्या. छताला बाक असेल तर पट्टी खालून टेकवून पेन्सिलने बाक उतरवून घ्या आणि रंध्याने तेवढी काढा. कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं इपॉक्सीने किंवा निदान तीन हात व्हार्निशने बंद करा. प्लाय पाणी पितो तो कडेतून. पॉलियुरेथेन अॅडहेसिव्ह लावून पट्ट्या पत्र्याच्या खाली चिकटवा आणि रात्रभर टेकू देऊन ठेवा.

कोणी अॅल्युमिनियमची चौकट सुचवेल. बसवा, पण अॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्यामध्ये रंगाचा आणि सीलंटचा सलग थर हवा. दोन वेगळ्या धातूंना खाऱ्या पाण्याचा स्पर्श झाला की अॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं.

## टप्पा 8: छताच्या नाल्या

व्हॅनच्या छतावर लांबीत उंचवटे आणि नाल्या असतात. बाहेरची चौकट मात्र सपाट. ही फट नुसत्या सीलंटने भरणं ही सर्रास होणारी चूक. चार-पाच मिलिमीटरचा जाड थर आतून कच्चा राहतो. डेंटिंगवाल्याची बॉडी पुटी भरणं ही त्याहून मोठी चूक, कारण ती पाणी शोषते आणि तडकते.

नालीच्या रुंदीच्या आणि खोलीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापा. एबीएसच्या चालतील. त्या सीलंटमध्ये बसवा आणि वरून पाणसळ फिरवून पाहा. पट्टी चौकटीच्या बाहेर दोन सेंटिमीटर जाऊ द्या आणि टोकाला उतार द्या, म्हणजे नालीतून वाहत आलेलं पाणी बाजूला वळेल. पूर्ण सुकायला एक दिवस.

## टप्पा 9: बसवणं

आधी कोरडी जुळणी करा. टेप न लावता चौकट ठेवा, आतली लावा, दोन स्क्रू फिरवा, झाकण उघडा-मिटा. सगळं जुळलं तर काढा आणि अल्कोहोलने शेवटचं पुसा.

> तपासा. पुसलेल्या जागी मास्किंग टेपचा तुकडा दाबून ओढा. सहज सुटला तर पत्रा ओला किंवा तेलकट आहे. परत पुसा, अर्धा तास उन्हात ठेवा, परत तपासा.

ब्युटाइल टेप चौकटीच्या खालच्या बाजूला लावा. ताणू नका, ताणलेली टेप नंतर आखडते. सांधा मागच्या बाजूला घ्या, तोंडाच्या बाजूला कधीच नाही. चालत्या गाडीत पावसाचं पाणी पुढच्या कडेवर आदळतं आणि वर चढायला बघतं. टेपची दोन टोकं एकमेकांवर चढवू नका, शेजारी लावून बोटाने मळून एक करा. स्क्रू जिथून जाणार तिथे टेपचा छोटा गोळा.

एक जण बाहेरून चौकट सरळ खाली ठेवेल, सरकवणार नाही. दुसरा आतून चौकट लावेल. स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, हाताने, प्रत्येक फेरीत थोडे थोडे. ड्रिल लावून आवळलं की प्लास्टिकची चौकट तडकते, आणि तडा लगेच दिसत नाही. चारी बाजूंनी टेप सारखी बाहेर डोकावली की थांबा. उन्हात एक दिवस ठेवा. ब्युटाइल बसतं आणि स्क्रू सैल होतात. दुसऱ्या दिवशी परत हलक्या हाताने आवळा, बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पत्रीने कापा. लोखंडी पत्री नको, रंग जातो.

मग कडेला एमएस पॉलिमरची बारीक गोलसर रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ओढलेली. ही रेघ ब्युटाइलला उन्हापासून वाचवायला आहे. पाणी अडवायचं काम टेपचं. झाकणाच्या सांध्याला आणि चौकटीतल्या पाणी जाण्याच्या छिद्रांना सीलंट लावायचं नाही. उत्साहात ती छिद्रं बुजवणारे बरेच असतात.

## टप्पा 10: पाण्याची चाचणी

सीलंटला दोन दिवस द्या. आत चौकटीभोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा; ओल लागली की कागद लगेच काळपट होतो आणि जागा कळते.

पाइप कमी धारेने मागच्या बाजूला दहा मिनिटं, मग दोन्ही कडा, मग पुढची कड आणि सगळ्यात शेवटी झाकणावर. सुरुवातीलाच वरून पाणी सोडलं तर कुठून गळतंय ते समजत नाही. नंतर समोरून, तिरक्या कोनात जोरदार धार. सर्व्हिसिंग सेंटरचं प्रेशर वॉशर थेट रबरावर मारू नका. तेवढ्या दाबाने चांगलं बसवलेलंही आत पाणी घेतं आणि तुम्ही उगाच सगळं उचकटाल.

लायनिंग लगेच लावू नका. गाडी दोन आठवडे तशीच चालवा, हायवे 66 वरून आणि एकदा तरी घाट चढून-उतरून, आणि चाचणी परत करा. दुसरी चाचणी खरी.

## पावसाळ्यात

सकाळी झाकणाच्या आतून थेंब पडले की घाबरून सीलंटची नळी उचलू नका. जुलैमध्ये गाडीत दोन माणसं झोपली की श्वासातलं पाणी गार झाकणावर जमतं. थेंब झाकणाच्या मध्यावर असतील तर ते श्वासाचं पाणी, चौकटीच्या एका कोपऱ्यात ओळीने येत असतील तर गळती. खात्री हवी असेल तर कोरडं पुसून एक रात्र गाडीत कोणी झोपू नका.

गळती निघालीच तर ओल्या पत्र्यावर सीलंट फासू नका. ते धरत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये खरडून काढायला दुप्पट वेळ लागतो. गाडी पडवीत घ्या, ती कड पंख्याखाली वाळवा, अल्कोहोलने पुसा आणि अॅल्युमिनियमच्या पाठीची ब्युटाइल पट्टी कडेवरून दाबून बसवा. तेवढ्यावर पावसाळा निघतो. पाऊस परतल्यावर चौकट काढा, टप्पा 6 पासून परत सुरू करा.

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर ताडपत्री झाकणावर थेट टेकू देऊ नका. वाऱ्याने ती घासत राहते आणि अॅक्रिलिक धुरकट होतं. मधे सुती गोधडी घाला. झाकण धुवायला साबण-पाणी पुरे. थिनर, पेट्रोल आणि अल्कोहोलही अॅक्रिलिकला लावायचं नाही, बारीक तडे जातात. रबरावर वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीसचा हलका हात, आणि किनाऱ्यावरून फिरून आलात की छतावर एक बादली गोडं पाणी.